समोरची जागा

प्रेमदासनं हिंगोलीच्या बाजारात हळद उतरवली आणि चहालाही न थांबता ट्रक तांड्याकडं वळवला. घाई कसली, तर डावाची. उदगीरच्या लढाईचा पुठ्ठ्याचा पट त्यानं सातवीतल्या पुजासाठी हौसेनं आणला होता. पेशव्यांची फौज लेकीची, निजामाची त्याची. घरात बाकी सगळं ती आईला विचारून करायची. पटापुरती मात्र पुजा एकट्या बापाची होती. त्यात वाटेकरी त्याला खपला नसता.

पटासोबत लाकडी बैलही आले होते, फौजांना धान्य पोचवणाऱ्या लमाणांचे. "लढाईत बैलाचं काय काम?" म्हणून प्रेमदासनं ते खोक्यातच ठेवले होते. ज्याच्या वाडवडलांनी पिढ्यान्पिढ्या हेच बैल हाकले, त्यानं असं म्हणावं!

दारात चपला काढताना आतून पुजाचं हसू ऐकू आलं. पट मांडलेला होता. बैल पटावर होते. तिच्यासमोर एक रिकामी घोंगडी अंथरलेली, आणि खोलीत गुरांच्या घामाचा उग्र वास. तांड्यावरचे बैल तर कधीच विकले गेले होते.

"कोणासंग खेळून राहिली गं?"

"नायकासंग. जुन्या तांड्याचे नायक हायेत ते. रोज येतात."

"बरे खेळतात?"

"तुमच्यापेक्षा भारी, बाबा. तुमी नुसते घोडे पळवता. ते आधी बैल हलवतात. उपाशी फौज लढत न्हाई म्हणतात... त्यांनी पाहिलंय."

आता कुणीही शहाणा माणूस घाबरला असता. प्रेमदास जळला. आपण घाम गाळून आणलेल्या पटावर लेक दुसऱ्याच कुणाचं कौतुक करते, एवढंच त्याला दिसलं.

"त्यांना म्हणावं, निघा. बाप आलाय."

पुजानं घोंगडीकडं कान दिला.

"डाव अर्धा टाकून उठता येत न्हाई म्हणतात. त्यांच्या जागेवर दुसरं कोणी बसलं, तरच..."

"मग मी बसतो."

"नका बाबा... ती त्यांची जागा हाय..."

तो हट्टानं बसलाच. घोंगडी ऊबदार होती. लगेच त्याच्या कानाजवळून घुंगरमाळा वाजल्या आणि उंबऱ्यापार गेल्या. हायसं वाटून तो म्हणाला, "चल पुजा, खेळ." पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

अंगणातून त्याच्या बायकोचा, शिलाचा आवाज आला, "अवं, आत्ताच तर आलात! इतक्या उन्हात कुठं निघालात?"

"बैलांना पाणी दाखवून येतो," बाहेरून उत्तर आलं.

तो प्रेमदासचाच आवाज होता. त्याच्या चपला फरफटत अंगणातून दूर गेल्या. घोंगडीवरच्या प्रेमदासनं उठायची धडपड केली, पण मांडी हलेना.

पुजा थोडा वेळ दाराकडं बघत राहिली. मग वळून एक बैल पुढं सरकवला आणि त्याच्याकडं बघून गोड हसली. असं ती त्याच्याकडं कधीच हसली नव्हती.

"खेळा, नायक... बाबा गेले एकदाचे."