काचेतला नवरदेव

प्रणालीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात होता. राजापेठेतल्या दातांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर, तिचा तो पहिलाच दिवस. पेशंट असून सरळ माशांच्या टाकीत हात घालणारा हा कोण आगाऊ, असं वाटून तिने कडक आवाजात विचारलं, "नंबर काय तुमचा?"

"दात तर माहे चांगले आहेत," तो मान वळवून म्हणाला आणि पुरावा म्हणून हसला. "फोन नंबर पायजे असन तर सांगतो."

झालं. भातकुलीची ही पोरगी बसच्या कंडक्टरलाही ऐकून घेत नसे, पण त्या हसण्यावर तिने नजर खाली वळवली. तिने उगाच टेबलावरची पेनं नीट लावली.

नितेश अकोल्याचा. तिथे त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं आणि अमरावतीतल्या हौशी लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या तो सांभाळायचा. दर गुरुवारी यायचा. प्रणालीने समुद्र कधी पाहिला नव्हता. आता त्याचा एक तुकडा निळ्या दिव्याखाली तिच्यासमोर बसलेला असे. गुलाबी प्रवाळाची फांदी होती आणि एक नारिंगी मासा होता, तोंडावर पांढरा पट्टा असलेला. मुंडावळ्या बांधल्यासारखा दिसतो म्हणून तिने त्याचं नाव नवरदेव ठेवलं.

मग गुरुवारी तिची ओढणी जरा बरी असू लागली. तो नळी धरायला सांगायचा, आणि त्याची ओली बोटं तिच्या मनगटाला लागायची... चुकून, असं दोघंही समजायचे.

"तुमच्या नवरदेवाले भेटायले आलो," तो म्हणायचा.

"माह्या नाही, टाकीतल्या."

"टाकीतला काय अन् टाकीबाहेरचा काय — तुमी हो म्हणा फक्त."

रिकाम्या दुपारी ती नवरदेवाशी बोलायची. तो काचेजवळ येऊन तोंड हलवायचा. तिला ते हुंकारासारखं वाटायचं. मधूनच एखाद्या आठवड्यात मात्र तो दगडाआड दडून बसायचा, ओळखच नसल्यासारखा. तिने काळजीने विचारलं, तेव्हा नितेश मऊ आवाजात म्हणाला, "रुसला असन. तोच आहे, येईन बाहेर." आणि खरंच, काही दिवसांनी तो पुन्हा काचेपाशी येऊ लागला.

होळीपर्यंत तुमीचं तू झालं. मे महिन्यात नितेशचे आईवडील भातकुलीला तिला पाहायला येणार, हेही ठरलं. रविवार पक्का झाला. पाहण्याचा कार्यक्रम नावालाच, होकार तर दोघांच्या डोळ्यांत केव्हाचा लिहिलेला होता.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टर मॅडम दवाखाना बंद ठेवून गावाला गेल्या. प्रणाली रोज माशांना दाणे टाकायला यायची. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, टाकीतलं पाणी रोज आटत होतं. नितेश चुलतभावाच्या लग्नात अडकलेला. कॅनमधलं आरओचं पाणी टाक, एवढं त्याने सांगून ठेवलं होतं. पण तो कॅन संपला. त्यात तिच्या मनात कधीपासून शंका होतीच, की समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी मानवेल तरी कसं? उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं, हे तिला कुणी समजावलं नव्हतं. आणि ती होती खारपाण पट्ट्यातली. विहिरीचं खारं पाणी पिता येत नाही, त्यात डाळ शिजत नाही, केसांची दोरी होते, म्हणून जन्मभर त्याला नावं ठेवलेली. आज पहिल्यांदा ते कामाचं वाटलं. घरच्या विहिरीचे दोन कॅन तिने बसमध्ये मांडीवर सांभाळत आणले आणि मोठ्या मायेने टाकीत ओतले.

दुसऱ्या दिवशी नवरदेव वर तरंगत होता. बाकीचेही गेले होते. प्रवाळावर बुळबुळीत साय आली होती आणि आतून ते पांढरंफटक पडलं होतं.

फोन गेल्यावर नितेश लग्न सोडून आला. ती टाकीशेजारी जमिनीवर बसून रडत होती. तो शेजारी उकिडवा बसला आणि त्याने तिचे डोळे पुसले. तिला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं.

"मी मारलं त्याले," ती म्हणाली.

"येडी आहे का? तो तसाही तिसरा होता."

"तिसरा?"

"पहिला महिनाभरातच गेला. दुसराही गेला. मरायले टेकलेला दिसला, की तू यायच्या आधी येऊन बदलून टाकत होतो मी." त्याने तिचा हात दाबला. "तुले वाईट वाटू नाही म्हणून."

प्रणालीने हात सोडवला नाही. सोडवायचं तिला सुचलंच नाही.

"मंग मी कोणाशी बोलत होती?"

तो हसला. आणि तिचं मन हलकं करावं म्हणून सगळं सांगत सुटला. हे मासे पकडताना खडकाच्या फटीत विष मारतात, म्हणजे ते गुंगतात. निम्मे रस्त्यातच जातात, उरलेलेही फार टिकत नाहीत. त्यात तिचा काय दोष? प्रवाळ आणायला तर कायद्यानं बंदीच आहे. छिन्नीने तोडतात आणि शोभेचा दगड म्हणून थर्माकोलच्या खोक्यातून पाठवतात, बडनेऱ्याच्या स्टेशनवर तो उतरवून घेतो. बोटभर वाढायला प्रवाळाला वर्ष लागतं, पण समुद्र काय लहान आहे?

त्याला वाटत होतं तो तिला क्षमा करतोय. ती ऐकत होती आणि ज्या माणसावर तिने जीव टाकला तो प्रत्येक वाक्यागणिक लांब जात होता.

"सोड हा धंदा," ती म्हणाली.

"सोडला," तो लगेच म्हणाला. "तुह्यासाठी काहीही. मोबाईलचं दुकान टाकतो."

'रुसला असन' म्हणालेला तोच मऊ आवाज. तिला त्यावर विश्वास ठेवायचा होता, फार ठेवायचा होता. तेवढ्यात तो उठला, टाकीकडे बघून हिशेब करू लागला... सोमवारपर्यंत नवा माल येईल, मॅडम यायच्या आत भरून टाकू, त्यांना कळणारही नाही.

"नितेश," ती उभी राहिली. "माहा जीव आहे तुह्यावर. आतापर्यंत बोलली नोती, आज सांगून राहिली. अन् रविवारी तुमी कोणी येऊ नका."

त्याचा चेहरा पडला. त्याला खरोखर कळलं नव्हतं, आणि तिला सगळ्यात जास्त तेच लागलं. त्याने एकदा "काहून?" विचारलं. उत्तर देण्याआधीच आपल्याला रडू फुटेल, म्हणून ती बाहेर पडली.

घरी आई शेजारणीकडून मागून आणलेल्या नव्या कपबशा विसळत होती. प्रणालीने रविवारचं मोडल्याचं सांगितलं, तशी आई ओल्या हातांनीच खाली बसली.

"दारू पेते का तो?"

"नाही."

"दुसरी कोणी आहे?"

"नाही."

"मंग काय केलं त्यानं?"

"मासे बदलले," प्रणाली म्हणाली.

आई पुढचं ऐकायला थांबली. मग तिने कपबशा कोरड्या करून बाजूला ठेवल्या, उद्या परत न्यायला, आणि पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशा नजरेनं तिच्याकडे पाहत राहिली. पुढचं काही नव्हतंच. जे होतं ते एवढंच होतं, आणि ते पुरेसं आहे हे मानणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.