झरोक्यांचे बोळे

लाईट गेली होती. बिल्डिंगच्या गच्चीवर चटई टाकून दिवाकरकाका बसले होते. शेजारी पुतण्या प्रणव आणि त्याची बहीण नेत्रा.

"काका, फ्लॅटमध्ये भूत येत नाही," प्रणव म्हणाला. "लिफ्ट बंद असते."

"फ्लॅटला जोतं तरी कुठं असतं?" काका म्हणाले. "ही होळी गावातल्या सुधाकररावांची हकिकत. माझे शाळेपासूनचे मित्र. फिजिक्सचे प्रोफेसर, आणि भित्रे इतके की गॅस बंद केलाय का हे तीनतीनदा बघतील. असा माणूस खोटं सांगत नाही. तेवढा धीरच नसतो त्याला."

गेल्या वर्षी, सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी सुधाकरराव छत्री घेऊन आग्नेल मिस्त्रीकडे निघाले. परतीचा पाऊस लागला होता. काम साधंच होतं. मधल्या खोलीची जमीन पायाखाली हलत होती, ते त्याला सांगायचं.

घर जुनं. मधल्या खोलीला सागवानी फळ्यांची जमीन, आणि तिच्याखाली आखूड लाकडी खांबांवर, माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी. ती वाळत राहावी म्हणून जोत्याला चार झरोके. रस्त्याचं पाणी आत शिरू नये म्हणून सुधाकररावांची बायको, प्रेमलावहिनी, पावसाआधी जुन्या लुगड्याचे बोळे कोंबून ते बुजवत. दसऱ्याला बोळे काढत, धूत, आणि धुण्याच्या दगडावर पिळून ठेवत. वहिनी डावखुऱ्या. पीळ उलटा पडे.

"कपडासुद्धा सरळ पिळता येत नाही तुला," सुधाकरराव चिडवत.

"पाणी निघतं ना? मग झालं."

त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी, ऐन श्रावणात वहिनी गेल्या. दसरा आला. सुधाकरराव झरोक्यापाशी वाकले, बोळ्याला हात घातला... आणि काढवेना. तिच्या हातानं कोंबलेलं होतं ते. राहू दे, म्हणाले. पुढच्या दसऱ्यालाही राहू दे. रस्ता भराव घालून उंच केलेला. जमिनीतून मुरलेलं पाणी घराखाली साचे, आणि वाळायला वाट नसे.

"खांब कुजले असतील, सर," आग्नेल म्हणाला. "सकाळी टेकू घेऊन येतो. आता काळोखात खाली कोन शिरनार? पानी हाय, जनावर असेल."

मुलगा सिद्धेश रात्रपाळीला होता, म्हणून त्याची मुलगी पिंकी आजोबांकडे आली होती. दुसऱ्या दिवशी आजीचं पान वाढायचं होतं. पिंकीला मधल्या खोलीत, आजीच्याच जागेवर झोपायचं होतं.

"नको गं. ओटीवर झोपू."

"आबा, तुम्ही उगाच टेन्शन घेता. पप्पापण म्हणतात."

ते सुधाकररावांना पटलं. आपण उगाच घाबरतो, हे त्यांना आयुष्यभर पटत आलं होतं. एका रात्रीनं काय होतंय? त्यांनी तिच्याशेजारी अंथरूण घातलं.

रात्री दोननंतर कधीतरी जाग आली. जोत्याबाहेर, पावसात, कुणीतरी काहीतरी ओढत होतं. ओलं. घट्ट बसलेलं.

फस्स... निघालं.

मग दगडावर पाण्याची बारीक धार. पिळल्यासारखी.

जरा वेळ काही नाही. मग पुन्हा. दुसरा झरोका.

तिसरा.

चौथा...

फळ्यांच्या फटींतून गार वारा वर आला. त्याला शिकेकाईचा वास होता.

कोण आहे, असं विचारायचं होतं. ओठ हलले नाहीत.

आता आवाज घराखाली. सरपटत. चिखलातून. हळूहळू. पिंकीच्या अंथरुणाखाली आला. थांबला.

टक. टक.

सकाळी चहा झाला की वहिनी स्वयंपाकघरातून भिंतीवर असंच ठोकत. दोनदाच. उठा म्हणून.

टक. टक.

पिंकी उठून बसली. "आबा... खाली कोण आहे?"

त्यांनी तिला उचललं. ओटीवर पाय टेकला. मागं कडाडलं... मधली खोली खाली बसली. अंथरुणासकट.

मग नुसता पाऊस.

पिंकी रडली नाही. अंधारात पाहत राहिली. म्हणाली, "ती भिजलीय, आबा. तिला वर घ्या ना."

सुधाकररावांनी तोंड उघडलं. नाव ओठांवर होतं. एवढंच नाव...

खालून पुन्हा काही आलं नाही.

गच्चीवर नेत्रा काकांच्या जवळ सरकली. खाली गेटपाशी कुत्रं एकदा भुंकून गप्प झालं.

"हाक का नाही मारली?" नेत्रानं हळूच विचारलं.

"भ्याले, बाळा. जिच्याबरोबर उभा जन्म काढला, तिला भ्याले. नात वाचली त्याचा आनंद आहे त्यांना. पण रात्री झोप नाही ती ह्यापायी."

"आणि बोळे?" प्रणवनं विचारलं.

"सकाळी आग्नेलबरोबर मीही गेलो. पाऊस थांबला होता. चारही झरोके उघडे. बोळे धुण्याच्या दगडावर ओळीनं मांडलेले. पाणी ठिबकत होतं अजून. असे पिळलेले..."

काकांनी हवेत दोन्ही मुठी धरल्या आणि पिळून दाखवायला गेले. थांबले. मग हात उलटे फिरवले.