दोन बोटांची जागा

मी माझ्याच बाणाच्या मागे गेले आणि हरवले.

हे सांगताना अजूनही कानाच्या पाळ्या तापतात, पण सांगते. रुग्णालयाच्या तळमजल्यावरचा तो मोठा निळा फलक मीच केलेला. बाबांनी तीस वर्षं ब्रशने पाट्या रंगवल्या. त्यांना संगणकाच्या नादाला लावलं ते मीच. फलक लागून तीन आठवडे झाले तेव्हा ते म्हणाले, "जाऊन बघून ये गं, कडा सुटल्यात का."

कडा एकही सुटली नव्हती. मी खूश. म्हटलं, आता जरा अनोळखी माणसासारखं वागून बघू. समजा, माझी दाढ दुखतेय. फलकाकडे पाहिलं. 'दंत विभाग', बाण उजवीकडे. मी ऐटीत उजवीकडे वळले आणि टोकाचं दार ढकललं.

आत एक तरुण जमिनीवर बसून एका आजोबांच्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळत होता. कोपरापर्यंत पांढरा. मान वर न करता त्याने विचारलं, "दाढ?"

"अं?"

"दाढच ना? मागे फिरा, सरळ जा, डावीकडे. आजच्या तुम्ही सातव्या."

"माझा पाय मोडलाय," आजोबा मला माहिती पुरवत म्हणाले, "तर मला बाणाने उपाहारगृहात नेलं. हा तिथून घेऊन आला. चहा मात्र बरा होता."

तो हसला आणि त्याने पहिल्यांदा वर बघितलं. डाव्या भुवईवर प्लास्टरचा एक थेंब वाळला होता... मला तो उगाचच पुसावासा वाटला.

"तो फलक ज्या महाभागाने केलाय ना," तो म्हणाला, "त्याला एकदा त्याच फलकावरून स्वतःची दाढ शोधायला लावणार आहे मी."

हीच ती वेळ होती. 'महाभाग हजर आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी गालावर हात ठेवला आणि म्हणाले, "डावीकडची. खालची."

चूक मला परत जातानाच कळली. माझी मूळ मांडणी सरळ होती – नाव, त्याच्या खाली त्याचा बाण, मग दोन बोटं मोकळी जागा, मग पुढचं नाव. पण छपाईच्या आदल्या दिवशी रुग्णालयाला आणखी एक विभाग आठवला. जागा नव्हती. मी ती दोन-दोन बोटं खाऊन टाकली. आणि डोळा फार भोळा असतो. जवळजवळ दिसलं की एकाच घरचं समजतो. 'प्लास्टर'च्या खालचा बाण निमूटपणे 'दंत विभागा'च्या घरी राहायला गेला. 'उपाहारगृहा'चा बाण 'प्लास्टर'कडे. सगळ्या विभागांनी बिऱ्हाडं बदलली, आणि सामान हलवणारी मी.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं माप घ्यायला गेले. टेप पर्समध्ये होती. ती पर्समध्येच राहिली.

"आजपण इकडेच?" तो म्हणाला.

"त्या फलकामुळे," मी म्हणाले. स्वतःच्या फलकाची अशी चहाडी जगात कुणी केली नसेल.

"पण मला कळत नाही, सगळे एकच चूक कशी करतात? सगळी माणसं वेडी तर नसतील."

मी बँडेजच्या सहा गुंडाळ्या टेबलावर सारख्या अंतराने मांडल्या. "काय दिसतं?"

"सहा गुंडाळ्या."

दोन-दोन जवळ सरकवल्या. "आता?"

"तीन जोड्या... अरेच्चा!"

"गुंडाळ्या त्याच आहेत. जोड्या आपलं डोकं लावतं. जवळचं ते एकत्र, सारख्या रंगाचं ते एकत्र, बरोबर चालणारं ते एकत्र. मधे काही तुटलं असेल तर तेही डोकंच भरून काढतं."

त्याने विचार केला. मग स्वतःचं स्टूल उचललं आणि माझ्या स्टुलाशेजारी आणून ठेवलं. "आता काय दिसतं?"

"...दोन स्टुलं."

"नीट बघा."

मी नीट बघितलं नाही. छताकडे बघितलं.

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"वाचलं होतं कुठेतरी."

"त्या फलकवाल्यानेपण वाचायला हवं होतं," तो हळहळून म्हणाला. मी बँडेजच्या आड तोंड लपवलं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः मला दंत विभागात पोचवून गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाव तास शोधून सांगितलं, दाढ ठणठणीत आहे. मी हट्टाने म्हणाले, नाही, दुखते. त्यांनी गुळण्यांचं औषध दिलं. मी ते दोन दिवस घेतलं. खोट्याला निदान थोडी शिस्त असावी.

चौथ्या दिवशी त्याने माझ्यापुढे एक कागद सरकवला.

"फलकाबद्दल तक्रार. अधीक्षकांना देतोय. साक्षीदार म्हणून सही करा, तुमच्याइतका छळ कुणाचाच झाला नाही."

वर त्याच्या अक्षरात सगळं होतं. शेवटची ओळ वाचली आणि माझं हसू गेलं. तोंड सुजलेल्या एक आजी तासभर इथेच बाकावर बसून राहिल्या होत्या. तो मोडलेल्या माणसांना आणायला उपाहारगृहात गेला होता. परत आला तेव्हा त्या रडत होत्या, कारण दंत विभाग बंद झाला होता.

खाली रकाने होते. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'व्यवसाय' आला तिथे पेन अडकलं. इथे 'गृहिणी' किंवा 'शिक्षण चालू' लिहिलं असतं तर उद्याही येता आलं असतं, परवाही... मी लिहिलं – 'फलक बनवते. हाही मीच बनवला.' आणि सही केली.

त्याने वाचलं. परत वाचलं.

"दाढ?"

"ठणठणीत."

"चार दिवस तुम्ही मला—"

"लाज वाटत होती हो."

"लाज वाटली की माणूस पळून जातो. तुम्ही रोज येत होतात."

"तेच तर!" मला रडू येत होतं आणि ते फार बावळट दिसत होतं. "पहिल्या दिवशी फलकाने आणलं. त्यानंतर... त्यानंतर मी फलकाकडे बघितलंसुद्धा नाही."

त्याचे कान लाल झाले. पण कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. "तक्रार मी देणार. आजी रडल्या होत्या."

"द्या."

"तुमच्या सहीसकट."

"द्या ना."

आणि दिलीन् की त्याने! अधीक्षकांनी बाबांना बोलावून पाऊण तास ऐकवलं. बाबांनी घरी येऊन मला काहीच ऐकवलं नाही. ते जास्त लागलं. रविवारी आम्ही दोघांनी फलक उतरवला, जास्तीचा विभाग वेगळ्या पाटीवर घातला, जागा परत दिल्या. सोमवारी सकाळपासून मी तिथे उभी राहिले. दाढा डावीकडे गेल्या, पाय उजवीकडे. उपाहारगृहात फक्त भुकेली माणसं. कुणीच चुकलं नाही.

दुपारी मी उजवीकडे वळले. आता दाढ नव्हती, माप नव्हतं, काहीच कारण नव्हतं. दाराशी उभी राहिले. असं रिकाम्या हाताने उभं राहणं खोटं बोलण्यापेक्षा कितीतरी लाजिरवाणं असतं.

तो एकटाच होता, नुकतंच कालवलेलं प्लास्टर ढवळत.

"आज सकाळपासून चुकून कुणी आलंच नाही," तो म्हणाला. "फार कंटाळा आला."

"मीपण चुकून नाही आले."

तो उठला. हात पुढे केला, मग तो चिखलासारखा पांढरा हात बघून ओशाळला आणि पुसायला फडकं शोधू लागला. त्याआधीच मी तो धरला.

प्लास्टर वाळताना गरम होतं, हे मला तेव्हा कळलं. घट्टही होतं, हे थोड्या वेळाने कळलं. सोडवायला वीस मिनिटं लागली... खरं तर पाचच लागली असती, पण दोघांपैकी कुणीच ओढत नव्हतं.