कुंदाबाईंचा सल्ला

"जोशीबुवा कोठे शेतस?"

कुंदाने मान वर केली. टेबलावर नारळ आला होता, त्याच्या शेजारी गुंडाळलेली जन्मपत्रिका, आणि या दोहोंच्या मागे निळ्या लुगड्यातली, कपाळावर गोंदण असलेली एक ठसठशीत बाई.

"इथे जोशीबुवा कोणी नाहीत, अक्का. हे कॉलेज आहे."

"ते माहीत शे माले. पण आठे सांगतस ना, कोणता पोऱ्या काय व्हई ते?"

कुंदाला हसू आवरेना. झालं होतं असं, की शेहेचाळीसच्या त्या जूनमध्ये जळगावच्या एका नव्या कॉलेजात सायन्सची शाखा निघाली. मॅट्रिक झालेली मुलं गावोगावहून येत. पण सायन्समध्ये शिकवतात काय आणि शिकून पुढे होता येतं काय, हे ना मुलांना ठाऊक, ना त्यांच्या बापांना. तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांनी व्हरांड्यात एक टेबल मांडलं आणि सल्ला द्यायला कुंदाला बसवलं. ती धुळ्याची, पुण्याला जाऊन बी.एस्सी. झालेली, रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, आणि सगळ्यांत नवी — म्हणजे जे काम कोणालाच नको ते आपोआप तिचं. ही बातमी मोटारीतून, बाजारातून फिरत पारोळ्याला पोचेपर्यंत तिच्या टेबलाचं पार ज्योतिषाचं दुकान होऊन गेलं होतं.

"मीच सांगते. पण पत्रिका बघून नाही सांगत."

"मंग काय देखीसन सांगस?"

"मुलाला बघून."

"मंग देख!" म्हणत बाई बाजूला सरकल्या.

मागे एक उंच तरुण उभा होता. खादीचा सदरा, हातात टोपी, आणि शरमेने कानाच्या पाळ्या लालबुंद. इतरांसारखा सोळा-सतराचा पोर नव्हे. कुंदापेक्षा वर्षाने मोठाच असावा. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं... आणि मग घाईघाईने समोरच्या लिंबाच्या झाडाकडे. कुंदानेही काही कारण नसताना दौत जरा पलीकडे सरकवली.

"फुई, चाल ना..." तो पुटपुटला.

"उभा ऱ्हाय. बाई देखी ऱ्हायनी ना!"

तो धनसिंग. झुंबरबाई त्याची आत्या, म्हणजे फुई. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलं. बेचाळीसच्या चळवळीत तो तुरुंगात गेला, सुटून आल्यावर राहिलेली मॅट्रिक दिली, आणि आता मिशा नीट फुटल्यावर कॉलेजचं नाव काढलं होतं.

कुंदाची सल्ला द्यायची स्वतःची एक रीत होती. प्रयोगशाळेतल्या लांब मेजावर ती तराजू, लोहचुंबक, बॅटरी, लोलक, सूक्ष्मदर्शक असं सगळं मांडून ठेवी, "बघा हवं ते" म्हणे, आणि मुलाचे हात कुठे रेंगाळतात ते लांबून न्याहाळी. कोणी चुंबकाला खिळे चिकटवण्यात रमे, कोणी लोलकातून भिंतीवर रंग पाडी. धनसिंग सूक्ष्मदर्शकाशी गेला. काचेवर गिरणा नदीच्या पाण्याचा थेंब होता. तो वाकला तो वाकलाच. झुंबरबाई खाकरल्या, मग उघड जांभया देऊ लागल्या. पारोळ्याची मोटार निघून गेली.

"केवढी वर्दळ आहे आत!" शेवटी तो म्हणाला. डोळा अजून नळीलाच. "तुरुंगात हिवतापाने माणसं फणफणायची. मी उशाशी बसायचो त्यांच्या. डॉक्टर म्हणायचे, रक्तात जंतू आहेत. मला वाटायचं, काहीतरी सांगतात झालं..."

कुंदाला उत्तर मिळालं. हा माणूस डॉक्टर व्हायचा. पण त्याला जीवशास्त्र हवं, आणि जळगावला तर गणिताचाच गट होता.

"तुम्हाला पुण्याला जावं लागेल," ती म्हणाली.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

विचार चांगलाच लांबला. एक दिवसाआड स्वारी टेबलाशी हजर.

"आज कसली शंका?"

"वसतिगृहात शेवभाजी मिळते का?"

"हा काय सायन्सचा प्रश्न झाला?"

"पोटाचा आहे. पोट शास्त्रातच येतं ना?"

"येतं. जीवशास्त्रात. पुण्याला."

तो हसे. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडे, आणि पुरुषाला खळी असू नये असं कुंदाचं ठाम मत होऊन बसलं, कारण मग समोरच्याला नीट बोलता येत नाही.

"बाकीची मुलं मला बाई म्हणतात," एकदा ती म्हणाली. "तुम्ही काहीच म्हणत नाही."

"त्यांचं वय आहे म्हणायचं."

"मग तुम्ही काय म्हणणार?"

"ठरवतोय अजून... त्याचाही सल्ला इथेच मिळतो का?"

कुंदा उठून आत गेली आणि धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवत बसली.

आणि एके दिवशी त्याने येऊन सांगितलं, "ठरलं. गणित घेतो. इथेच राहतो."

मॅट्रिकला गणितात जेमतेम काठावर निघालेला माणूस! कुंदाने कपाळाला हात लावायचा, तर तिला झाला आनंद. असा, की बिऱ्हाडी परतताना ती आपली गल्ली सोडून पुढे चालत गेली.

दुसऱ्या दिवशी आंब्यांची पाटी घेऊन झुंबरबाई एकट्याच आल्या.

"पोऱ्या गणित लेस म्हणस."

"येतं का त्यांना गणित?"

"कायनं येस! बाजारमा हिशोब करस तं दुकानदार हासतस." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "पण ऱ्हाऊ दे ना माय आठेच. मना डोयासमोर ऱ्हाई... आनि तुन्हा बी. तू एक शब्द बोल, तो कोठेच जावाव नही."

कुंदाच्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. एक शब्दच तर हवा होता. तोही खोटा नव्हे. 'गणितही चांगलंच असतं', एवढं म्हटलं की झालं. फुई खूश, तो खूश, आणि ती स्वतः... स्वतःचं तर बोलायलाच नको. पुण्याच्या प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती. नुसतं गप्प बसलं तरी चाललं असतं.

शुक्रवारी तो आला तेव्हा तिने त्याला बसूही दिलं नाही.

"पुण्याला जा. आज रात्रीच्या गाडीने."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... मी जावं असं तुम्हाला वाटतं."

"इथे राहिलात तर गणितात नापास व्हाल. मग पुन्हा व्हाल. मग शेतावर जाल, आणि पाण्याच्या थेंबात काय असतं ते विसराल. आणि जिच्यासाठी राहिलात तिच्याकडे बघितलं, की रोज तेवढंच आठवेल तुम्हाला —"

ती थांबली. बोलायचं होतं त्याच्यापेक्षा बरंच जास्त बोलून झालं होतं. व्हरांड्याच्या पत्र्यावर एक सर वाजून गेली.

"हा टेबलाचा सल्ला झाला," तो अगदी हळू म्हणाला. "आणि कुंदाचा?"

नाव असं त्याच्या तोंडून ऐकलं, आणि ते आपलंच आहे हे तिला क्षणभर पटेना.

"कुंदाला कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय."

"कुंदा म्हणते, जा." तिने टेबलाची कड घट्ट धरली. "पण... दिवाळीला येताना जळगावचं तिकीट काढा."

"पारोळ्याला जायला चाळीसगावला उतरून धुळ्यावरून जातात. जळगाव म्हणजे केवढा वळसा!"

"मला नका सांगू. मी धुळ्याची आहे."

डाव्या गालाला खळी पडली. आणि तो गेला.

दिवाळीला कॉलेज बंद झालं. धुळ्याहून वडिलांचे निरोप येऊ लागले, आणि कुंदा कळवत राहिली की प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसायच्या राहिल्यात. बरण्या आरशासारख्या झाल्या. तेव्हा कुठे एका सकाळी दारात तो उभा — वाळलेला, उन्हाने रापलेला, अंगाला औषधांचा उग्र वास.

"बेडूक फाडला?" तिने विचारलं. चार महिने मनात जुळवून ठेवलेलं वाक्य हे नव्हतं.

"फाडला. आधी मनातल्या मनात त्याची माफी मागितली."

दोघं एकाच मोटारीत बसले. वाटेवर पारोळा आधी, धुळं नंतर. कोळशावर चालणारी मोटार चढ आला की धापा टाकी, आणि कुंदाला वाटे, आणखी चढ असायला हवे होते. ती पुढे, तो मागच्या बाकावर. एरंडोलला त्याने मागून पेरू दिला, आणि घेताना दोघांची बोटं जरा जास्तच वेळ पेरू सांभाळत राहिली.

पारोळा आला. तो हलेना.

"उतरा," ती मागे न वळता म्हणाली.

"माझं तिकीट धुळ्याचं आहे."

"धुळ्याला काय काम?"

"तुमच्या वडिलांकडे आहे... जरा सल्ला —"

"सरक ना माय, माले बी बसू दे!"

दारातून गाठोडं आत आलं आणि त्यापाठोपाठ नव्या लुगड्यातल्या झुंबरबाई.

"फुई! तू कोठे?"

"काल धुयाकडनी मोटारमा तू नही उना. म्हणजे जळगावकडनी ई, माले समजी गयं. मंग सरळ धुयालेच जाई, हाई बी समजी गयं." त्या कुंदाशेजारी ऐसपैस बसल्या. "पोर मांगाले पोऱ्या एकलाच जास का कधी? मोठं माणूस नको?"

"पण बाबा..." कुंदा हळूच म्हणाली. "आमची जात वेगळी, अक्का. ऐकतील का ते?"

"ऐकतीन. नही ऐकनात तं तुमना घरना फराळ खात मी तठेच बसस."

मोटार हलली. अख्ख्या जिल्ह्याला सल्ला देणाऱ्या कुंदाबाईंनी झुंबरबाईंचं गाठोडं उचललं आणि धुळं येईपर्यंत आपल्या मांडीवर धरून ठेवलं.