पांढरीतला रांजण

स्नेहलला मुल्लामारी नदीच्या कडेतून एक रांजण काढायचा होता, तोही अख्खा! गेल्या पुरात पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडाची कड तुटली आणि रांजणाचा काठ मातीतून डोकावू लागला. इथं हजारो वर्षांपूर्वी गाव होतं हे दाखव, नाहीतर संशोधनाचा विषय बदल, असं तिच्या सरांनी कडगंचीच्या विद्यापीठातच बजावलं होतं. पुढचा पूर आला की रांजण गेलाच म्हणून समजा!

कोरड्या पात्रातून दोन कोस तंगडतोड झाली. पुढं दोराचं वेटोळं घेऊन मदतीला आलेला शिवय्या, मागं कोंडाबाई. तिचं शेत टेकाडाला लागूनच. पांढरीची राखाडी माती खतासारखी रानात टाकायची, ही तिच्या घरची जुनी रीत. त्यामुळं टेकाडाचा कोपरान्‌कोपरा तिला पाठ होता.

शिवय्यानं वर बाभळीला दोर बांधला. तो कमरेला बांधून स्नेहल कडेला लोंबकळत माती खरडू लागली. खाली कोंडाबाई टोपलं धरून उभी. रांजण सुटत आला. आणखी चार बोटं!

तेवढ्यात कोंडाबाईनं मान वळवली. नदीच्या वरच्या अंगाला, बसवकल्याणकडं, आभाळ काळंकुट्ट झालं होतं, आणि वाळूवरून फेसाळ गढूळ पाणी सरपटत येत होतं.

"पानी यायलंय!"

घोटा, गुडघा, मांडी! कोंडाबाईचा पाय खचला. नेमका तेव्हाच रांजण स्नेहलच्या मिठीत आला, खरंच अख्खा! रांजण आणि कोंडाबाई, दोन्ही जमणारच नव्हतं. मन घट्ट करून तिनं रांजण सोडला. खाली वाकून कोंडाबाईचं मनगट पकडलं. शिवय्यानं सगळा जोर लावून ओढलं. कड ढासळली! दोघी चिखलानं माखून कशाबशा वर आल्या.

कोंडाबाईनं तिला आपल्या बांधावर नेऊन बसवलं. तिथं स्नेहल ढसाढसा रडली. रांजणासाठीच रडली, लपवायचं कशाला! डोळे पुसून हात टेकला तर खाली खापर. काळं-तांबडं, गुळगुळीत. त्याखाली दुसरं. शंखाच्या बांगडीचा तुकडा. दगडी पातं!

"मावशी, हे कुठलं?"

"पांढरीतलंच की. मातीसंगं येतं, कुळवाला अडतं, म्हणून येचून बांधावर टाकतो. माझ्या सासूच्याबी आधीपासनं."

"मग मला कामून न्हाई सांगितलंस?"

"तू रांजण मागायलीस. फुटकं कोण दाखवतंय?"

स्नेहल रडता रडता हसली आणि ओल्या पिशवीत वही शोधू लागली. जुन्या गावाच्या खुणांनी भरलेला तो बांध चांगला दोनशे पावलं लांब होता!