जागा पूर्ववत करून द्यावी

मी आता जे सांगणार आहे, त्यावर बोईसरपासून घिवलीपर्यंत एक माणूस विश्वास ठेवणार नाही.

"तुझ्या कुठल्या गोष्टीवर ठेवला होता?" पुंडलिक म्हणतो. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून त्याला दुसरं काम नाही. "शिरगावच्या किल्ल्यात तुला पोर्तुगीज भेटला, त्यानं तंबाखू मागितली, तेव्हाही असंच म्हणाला होतास."

"चुना मागितला. तंबाखू त्याच्याकडे होती."

वर्षाराणी गाळणी आपटून हसते. टपरी तिची. पुढं पेव्हर ब्लॉकची फरशी, त्यावर दोन बाकडी. मार्च महिना, दुपारचे साडेतीन. कोपऱ्यात दीपा बसली आहे, वारली पाड्यातल्या सुकाची नात. आयटीआयला जाते. तिला मीच बोलावलंय. साक्षीदार समोर असला म्हणजे खंडेराव थापा मारतो असं कुणी म्हणायला नको.

शिवाय तिच्याकडे माझं एक काम आहे. साडेपाचच्या एसटीनं माझी बायको, रत्नाबाई, पालघरहून लेकीकडून परत येतेय. तोवर दीपानं तिच्या आजोबाला थांबवायला हवं.

"कशापासून थांबवायचं?" वर्षाराणी विचारते.

"झाडण्यापासून."

तर ऐका. ह्या टपरीच्या मागं पंचायतीची बाग होती आणि मी तिचा राखणदार होतो.

"कुठली बाग?" पुंडलिक विचारतो.

हेच. म्हणून तर सांगतोय.

कंपनीतून सुटल्यावर नऊ वर्षं मी तिथं होतो. कोपऱ्यात दहा बाय दहाची खोली, दारात रत्नाबाईची तुळस आणि डब्यात लावलेलं अळू. चार लोखंडी बाक, घसरगुंडी, दोन झोपाळे, भिंतीच्या कडेनं अशोकाची झाडं. फाटकाजवळ निळा बोर्ड, त्यावर पांढऱ्या अक्षरात अकरा नियम. फुले तोडू नयेत. क्रिकेट खेळू नये. बाकावर सुकट वाळत घालू नये. हा नियम एका नवापूरच्या बाईंमुळे आला, त्यांचं नाव मी घेत नाही. शेवटचा, अकरावा: कार्यक्रमानंतर जागा पूर्ववत करून द्यावी.

बागेआधी तिथं भातशेत होतं. सुकाचा बाप कसायचा. कुणी म्हणे जमीन त्याची, कुणी म्हणे नुसता कसत होता. कागद नव्हता. कागद नसला की शेताची मोकळी जागा होते, आणि मोकळ्या जागेची बाग.

फेब्रुवारीत सुका माझ्याकडे आला. नातू धीरजचं लग्न होतं, मांडवाला जागा हवी होती. अर्ज मीच भरला. बाग बांधणारा ठेकेदार जितेश तिथंच खुर्चीत बसला होता. दीपा आजोबाच्या मागं उभी होती. मी एकेक नियम वाचत गेलो, सुका मान डोलवत गेला. अकराव्याला त्यानं अंगठा वर धरला, शाई लागलेला.

"पूर्ववत म्हंजे काय?"

"पहिल्यासारखी," मी म्हणालो. "मांडव घालण्याआधी होती तशी." एवढंच सांगितलं. कुणीही हेच सांगेल.

दीपा चहाच्या ग्लासात बघतेय.

सुकानं अंगठा उठवला. लग्न चांगलं झालं. तारपा वाजला, दोन दिवस बाग माणसांनी भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुका खराटा घेऊन हजर. पत्रावळी, झेंडू, सांडलेला भात, सगळं लोटून नेलं. मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

"झालं की रे सुका. स्वच्छ आहे."

"नाय झाली पयल्यासारखी," तो म्हणाला आणि घसरगुंडीपासून झाडायला लागला.

त्यानंतरच्या सकाळी एक बाक कमी होता.

मला पहिला संशय भंगारवाल्यांचा. लोखंडाला पाय फुटायला वेळ लागत नाही. दोन दुकानं पालथी घातली. मग संशय सुकाच्या पाड्यावर. मग जितेशवर, कारण ठेकेदारावर संशय घेणं ही माझी सवय आहे. पण एक गोष्ट जमेना. बाक काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवलेला होता. तिथं बोल्टची भोकं नव्हती. काँक्रीटही नव्हतं. गवत होतं, कधीच दाबलं न गेलेलं.

जितेशला फोन केला. "खंडूकाका, चौथा बाक कसला? माझ्या कामात तीनच होते." त्यानं उद्घाटनाचा फोटो पाठवला. मोजून तीन बाक. ज्या बाकावर त्या दिवशी मी स्वतः बसलो होतो, तिथं फोटोत मी उभा होतो.

"मोबाइलमध्ये हल्ली काय वाटेल ते करता येतं," पुंडलिक म्हणतो. हसत मात्र नाही.

मीही तेच म्हणालो. आणि पाळत ठेवायला लागलो. खिडकीत खुर्ची टाकून बसायचो. सुका खांद्यावर खराटा टाकून यायचा, चपला फाटकाबाहेर काढायचा, नेमका एक पट्टा झाडायचा, जायचा. कुणी मदतीला नाही, गाडी नाही, पोतं नाही. मी नजर हलवली नाही. बिडी पेटवायला मान खाली घातली, तेवढीच. वर बघितलं तर झोपाळे नव्हते. समोर सलोनी उभी होती, रोज झोपाळ्यासाठी रडणारी शेजारची पोर. तिला विचारलं, झोपाळा कुठं गेला? ती म्हणाली, "काय असतं ते?"

बोर्ड बघायला गेलो. नियम नऊच होते. खोडल्याची खूण नाही. पेंटरनं मुळातच नऊ लिहिले असावेत तशी अक्षरं बोर्डभर ऐसपैस बसली होती. अकरावा नियम आता बोर्डावर नव्हता. तो सुकाच्या डोक्यात होता.

अशोकाची झाडं रोज वीतभर बुटकी होत होती. एका सकाळी ती रोपवाटिकेच्या पिशव्यांत होती. त्यानंतरच्या सकाळी पिशव्याही नव्हत्या.

मग भिंत.

भिंतीला टेकून माझी खोली. तेव्हा मात्र मी सुकाचा खराटा धरला. "पुरे झालं. जागा मिळाली, लग्न झालं, आता घरी जा."

त्यानं माझ्याकडे वाईट नजरेनं बघितलं नाही. हे मला जास्त लागलं. "तुमीच वाचला ना? नियम हाय. नियम मोडला तर परत जागा मिळणार नाय. दीपाचं लगीन ऱ्हायलंय." मग माझा हात हलकेच बाजूला केला. "आमी अंगठा दिलाय."

परवा मी दूध आणायला गेलो. येतो तर खोली नव्हती. तुळस नव्हती, डबे नव्हते. जमीन ओलसर होती आणि मधून एक बांध गेला होता, जुना, गवत धरलेला.

रत्नाबाईला फोन लावला. "अगं, आपली खोली गेली."

"कुठली खोली?" ती म्हणाली.

मला वाटलं, लेकीकडच्या गडबडीत ऐकू आलं नसेल.

काल पुन्हा लावला. ती म्हणाली, "आवाज ओळखीचा वाटतोय, पण कोण बोलताय?" आदरानं विचारलं. बत्तीस वर्षांत ती माझ्याशी इतक्या आदरानं बोलली नव्हती.

वर्षाराणीनं गॅस बारीक केलाय.

आज सकाळी बोर्ड बघितला. पत्रा नाही, फळी आहे. एकच नियम उरलाय. रोपे तुडवू नयेत.

सुका अजून झाडतोय. टपरीच्या मागं खराट्याचा आवाज येतोय, तो तुम्हीही ऐकताय. पुंडलिक, नाही म्हणू नकोस, मघापासून तू दोनदा मान वळवलीस.

साडेपाचला एसटी येईल. ती उतरेल. माझ्या शेजारून, न ओळखता, पुढं जाईल.

"दीपा," मी म्हणतो, "तू त्याला सांग. मांडवाआधीची म्हणजे मांडवाआधीची. एवढंच होतं. त्यानं जास्त झाडलं. तूच साक्षीला आहेस."

दीपा ग्लास खाली ठेवते.

"खोटं," ती म्हणते.

आवाज चढलेला नाही.

"तुमी तसं नाय सांगितलं, काका. आजोबानं तीनदा विचारलं, पयली म्हंजे कवाची. तिसऱ्यांदा तुमी जितेशशेटकडं बघून डोळा मारला नि म्हणालात, तू पयल्यांदा बघितली होतीस तशी. शेट लई हसला. आजोबा नाय हसला. त्यानं मनात ठेवलं."

पुंडलिक माझ्याकडे बघतो.

"कधी बघितली होती त्यानं पहिल्यांदा?" वर्षाराणी हळूच विचारते.

"पाच वर्साचा होता. बापाच्या खांद्यावर. भाताची लावणी चालली होती."

"मग सांग ना त्याला," मी म्हणतो, "की खंडेरावानं मस्करी केली."

दीपा बाकड्याखाली बघतेय, जिथं मघाशी पेव्हर ब्लॉक होते. माझ्या पावलांना केव्हापासून गार लागतंय.

"पाय उचला, काका," ती म्हणते. "रोप तुडवताय."