सहा नंबरचं मशीन

"माह्या टायपिंगच्या क्लासातली पाच मशीनं बिघडवली कोणीतरी," जगदेव मास्तर दारातूनच म्हणाले. "कोणं बिघडवली तेही मले मालूम हाय. तुमी फक्त पुरावा काढा."

इंद्रभान चहा पीत होता. हवालदारकी सोडून त्यानं रिसोडात खाजगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. आता हरवलेल्या बैलापासून मोडलेल्या सोयरिकीपर्यंत सगळे त्याच्याकडेच येत. शेजारी त्याचा मित्र उकंडराव बसला होता. उकंडरावाला तपासात फारशी गती नव्हती, पण भूक आणि वेळ त्याच्यापाशी मुबलक होते.

"कोणावर संशय हाय?" इंद्रभाननं विचारलं.

"केनवडच्या बेबीवर. परवा अकोल्याले टायपिंगची परीक्षा. मशीनं आपली आपणच न्या लागतात. पाच नवीन मशीनं ठप्प, आन् बेबीचं सहा नंबरचं भंगार खटाखट चालून राह्यलं. मी काल साऱ्यायसमोर सांगतलं तिले, तूच बिघाड केला, तुले परीक्षेले नेत नाही."

बेबी ही केनवडच्या भिवाजी नावाच्या शेतमजुराची मुलगी. रोज एसटीनं येऊन ती टायपिंग शिकत होती. पास झाली तर तिला पंचायत समितीत टायपिस्टची जागा मिळण्यासारखी होती. ही परीक्षा हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि जागा काही तोवर कुणाची वाट पाहत बसणार नव्हती.

क्लास म्हणजे एक लांबट खोली. मास्तरांनी कमरेच्या किल्लीनं कुलूप उघडलं.

"दुसरी किल्ली?"

"नाही. मी लेकरावानी जपतो मशीनं. सारे गेले का मीच साफ करतो, मीच कुलूप लावतो."

एक नंबरच्या मशीनवरचं कव्हर त्यांनी काढलं. इंद्रभाननं 'क' दाबला. अक्षराची दांडी अर्धवट उठली आणि तिथंच राहिली. बाकी चार मशीनांची तीच गत.

उकंडराव नाक वर करून हुंगत होता. "पोळ्याच्या आधी सुताराकडे गाडी रंगवाले नेली का असाच वास येते."

"तुले वासाचं पडलं," मास्तर वैतागले.

उकंडरावानं घाम पुसायला खिळ्यावरचं फडकं ओढलं आणि कपाळ चोळत ते लगेच खाली ठेवलं. "हे फडकं हाय का पापड?"

"मशीनं पुसाचं फडकं हाय ते, परवाच धुतलं," मास्तर म्हणाले.

इंद्रभाननं ते फडकं उचलून खिशात घातलं. वाकवताना ते करकरलं.

चौकशीत पहिला नंबर बाबूसिंगचा लागला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा तरुण याच परीक्षेत दोनदा नापास झाला होता.

"परीक्षा पुढं गेली तर तुले बरंच," इंद्रभान म्हणाला.

"बरंच हाय, कायले खोटं बोलू," बाबूसिंग म्हणाला. "पण मी काही केलं नाही. आठ दिवस झाले, माहा आधी 'क' अडकला, मंग 'र'. सकाळी आलं का आदल्या दिवसापेक्षा जास्त. मास्तरले सांगतलं, त्यायनं अजून दोन थेंब तेल देल्लं."

मग बेबी आली. "जय भीम, काका," म्हणून ती उभीच राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता.

"तुहं मशीन कसं चालते?"

"ब्रशनं धूळ झटकनं आन् कव्हर घालनं, बस. दुसरं काही नाही."

"तेल?"

"ते महागाचं हाय. मास्तर म्हणले, भंगारावर कायले वाया घालवाचं."

इंद्रभान हसला. तपासात तो पहिल्यांदाच हसला होता. "मास्तर, ती तेलाची बाटली आणा."

मास्तरांनी ती अभिमानानं आणली. पंधरा दिवसांमागं एक फिरता विक्रेता येऊन देऊन गेला होता. 'मशीन-रक्षक', गंज नाही, धूळ नाही, आयुष्य दुप्पट. इंद्रभाननं बूच काढलं. तेलावर साय धरली होती.

"सारे बसा," तो बेबी, बाबूसिंग आणि दाराशी जमलेल्या क्लासातल्या पोरांना म्हणाला. "चोर खोलीतच हाय. कुलूप फुटलं नाही, किल्ली एकच. मशीनं रात्रीतून बिघडतात, म्हणजे शेवटचा हात लावणारा एकच माणूस."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मी?"

"तुमी आन् हे तेल. उकंडरावानं वास बरोबर ओळखला. हे जवसाचं तेल. सुतार लाकडाले कायले लावते? वाळून कडक थर धरते म्हणून. तुमचं धुतलेलं फडकं दोन दिवसांत पापड झालं, तर त्या बारीक दांड्यायचं काय होईन? दांडी अडकली का तुमी अजून तेल देत होते. जे दुखणं, तेच औषध म्हणून पाजत होते."

"पण त्यानं गंज येणार नाही म्हणून सांगतलं," मास्तर पुटपुटले.

"खरंच सांगतलं. गंज येणार नाही. दांडी हलणार बी नाही. मशीन बनवणाऱ्यानं ब्रश आन् कव्हर देल्लं होतं, तेवढं पुरे होतं. तुमी वरून राखणदार आणला, त्यानं घरच्यायलेच कोंडलं. बेबीचं वाचलं, कारण तुमी ते जपलंच नाही."

उकंडराव अजून कपाळ चोळत बसला होता.

"आता काय कराचं?" मास्तरांनी विचारलं.

"थर अजून कच्चा हाय. घासलेट आन् जुने ब्रश आणा. रात्रीपर्यंत निंघते."

मास्तर बेबीजवळ गेले. "बेबी, तुहा परीक्षेले बसाचा कागद माह्याजवळ हाय. परवा तू बी चाल आमच्यासंगं. चुकलं माह्यं."

बेबी उठली नाही. "मास्तर, काल तुमी साऱ्यायले ऐकू जाईन असं बोलले होते. बाबूसिंगले आता ऐकू आलं नसन."

मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा इंद्रभानकडे. मग सगळ्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बेबीनं काही केलं नाही. मीच केलं, आन् आळ तिच्यावर घेतला."

"आलं ऐकू," बाबूसिंग मागून म्हणाला.

बेबीनं बाह्या वर सारल्या आणि एक नंबरचं मशीन आपल्याकडे ओढलं.